बायबल ॲप, नाइट ड्यूटी आणि यिर्मयाची सत्तर वर्षं

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. यूव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, मराठी अक्षरं नीट दिसतात आणि रात्री दोन वाजता डोळ्यांना टोचत नाहीत. नोकरी-परीक्षा-लग्नाच्या वयातल्या कुठल्याही ख्रिस्ती पोराच्या किंवा पोरीच्या फोनमध्ये ते असावं. पाचपैकी चार. पाचवा का नाही, ते पुढे येईलच. पण उघडल्याबरोबर पहिल्या पानावर जे दिसतं, म्हणजे रोजचं एक वचन आणि मागे कुठला तरी सूर्योदय, तेवढंच पाहून जे ॲप बंद करतात त्यांनी ते वापरलं असं मी धरत नाही.

मी स्टाफ नर्स आहे. गाव श्रीरामपूर तालुक्यात, नोकरी पुण्यात. आमच्याकडे मुलगी बारावी झाली की पुढे काय करणार असं कोणी विचारत नाही, जीएनएम करणार की बीएस्सी नर्सिंग एवढंच विचारतात. आई, मावशी, दोन आतेबहिणी, सगळ्या याच धंद्यात. तेव्हा हे परीक्षण शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बाईचं आहे. सकाळी सहाला उठून, मन शांत करून, चहाचा कप घेऊन मनन करणाऱ्यांनी दुसऱ्या कोणाचं वाचावं.

ॲप बनवलंय अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्च नावाच्या मंडळीनं. त्यामागचा माणूस बॉबी ग्रुनेवाल्ड. १० जुलै २००८ ला ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं त्याच दिवशी जी पहिली ॲप्स त्यात होती, त्यात हे एक. २०२१ मध्येच ते पन्नास कोटी फोनांवर पोचलं होतं. पैसा देणग्यांमधून येतो. ही माहिती मी मुद्दाम देतेय, कारण ‘फुकट’ म्हटलं की आमच्या वॉर्डातल्या मुली लगेच विचारतात, ‘मग कमावतात कशावर?’ प्रश्न रास्त आहे. याच्या आधी मी एक दुसरं प्रार्थनेचं ॲप घेतलं होतं, नाव राहू दे. आठवडाभर फुकट, मऊ आवाजात प्रार्थना, मागे पियानो. आठव्या दिवशी खात्यातून वर्षाचे पैसे कापले गेले आणि ते परत मिळवता मिळवता माझी होती तेवढी शांतीही गेली. यूव्हर्जनमध्ये पैसे मागणारं कुलूप कुठेच नाही.

आता मराठीचं. एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे आईच्या काळ्या चेनवाल्या पुस्तकात आहे तेच, इथे आहे. संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं सगळं त्याच भाषेत डोक्यात बसलेलं असल्यामुळे मी तेच वापरते. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे दुसऱ्या कुठल्या शब्दांत वाचलं की मला ते शेजारच्या घरचं वाटतं. पण धाकटा भाऊ इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन वाचतो, त्याला ते सोपं जातं. वचनावर बोट दाबून ‘तुलना’ केली की दोन्ही एकाखाली एक येतात. प्रेषित पौलाच्या पत्रांमधली ती गुंडाळी झालेली लांबलचक वाक्यं समजायला याचा खरंच उपयोग होतो. प्रकाशकानं परवानगी दिलेली आवृत्ती डाउनलोड करून ठेवता येते, मग रेंज नसली तरी चालतं. आमच्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या चेंजिंग रूमला रेंज कधीच नसते, म्हणून हे आधी करून टाका.

आता मुख्य मुद्दा: रोजचं वचन.

ते रोज येतं, चित्रासकट येतं, आणि तिथून आईच्या फोनवर, मंडळीच्या तरुण संघाच्या ग्रुपवर, मामाच्या स्टेटसला जातं. दुपारपर्यंत तेच वचन मला पाच ठिकाणी भेटतं. वर्षात काही वचनं हमखास फिरतात आणि त्यात पहिला नंबर यिर्मया २९:११ चा, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला एकोणतिसावा अध्याय, अकरावी ओवी. देवाच्या मनातले संकल्प ‘हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’, ते सुस्थितीची आशा देणारे आहेत. दहावीचा निकाल, नोकरीची मुलाखत, व्हिसा, लग्न, सगळीकडे हेच.

माझा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे ग्राउंड, सोळाशे मीटर, गोळा, मग दिवसभर अभ्यासिका. ग्राउंड निघतं, लेखीत काही गुणांनी राहतं. त्याला हे वचन इतक्या लोकांनी पाठवलंय की एकदा तो मला वैतागून म्हणाला, ‘ताई, संकल्प हिताचे आहेत ना, मग तारीख का सांगत नाही?’ तेव्हा मी त्याला ॲपमध्ये त्या चित्राखाली असलेलं बटण दाखवलं. त्यानं अख्खा अध्याय उघडतो. बसनं येता येता मी तो आधीच वाचला होता, म्हणून दाखवू शकले.

तारीख आहे त्यात! अकराव्या ओवीच्या अगदी आधी, दहाव्यात. सत्तर वर्षं. हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं यरुशलेमेतून पाठवलेलं. त्यात तो सांगतो की लवकर सुटका नाही. घरं बांधा, राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, पोरांचीही लग्नं करा. आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचंही होईल. ही सातवी ओवी मला पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या दारावर चिकटवावीशी वाटते. आम्ही सगळे ‘इथून कधी निघतोय’ या तोऱ्यात राहतो, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशीही आमचं काही देणंघेणं नसतं.

त्याच्याही मागचा, अठ्ठाविसावा अध्याय वाचा. तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो की फक्त दोन वर्षं, मग सगळं परत. लोकांना हनन्याच आवडला असणार. कोणाला नाही आवडणार? मी अशा सभा पाहिल्यात. कुठली मंडळी ते सांगत नाही, पण स्टेजवरून उपदेशक ओरडतात, ‘याच वर्षी! याच वर्षी तुझी नोकरी!’ आणि समोरची दोनशे पोरं ‘आमेन’ म्हणतात. डिसेंबर आला की त्या पोरांशी कोणी बोलत नाही. यिर्मयाच्या पुस्तकात हनन्या खोटा ठरतो आणि सत्तर वर्षं सांगणारा खरा. माझ्या भावाला हे वाचून नोकरी लागली नाही. पण तो हसला, बऱ्याच दिवसांनी, आणि म्हणाला, ‘म्हणजे मधल्या काळात बाग लावायची.’ आता तो अभ्यासिकेचं भाडं काढायला सकाळी दोन तास एका दुकानात बसतो.

फिलिप्पैकरांस ४:१३ चं तेच. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ जिमच्या टी-शर्टवर छापतात हे. पौलानं ते बंदीत असताना लिहिलंय, आणि आदल्याच ओवीत तो म्हणतो की भरलेल्या पोटी कसं राहायचं नि उपाशी कसं राहायचं, भरपूर असताना कसं नि नसताना कसं, हे मी शिकलोय. ‘सर्वकाही’ म्हणजे हे. पगार पंधरा तारखेला झाला तरी महिना काढणं. ॲपनं बनवलेल्या चित्रात बारावी ओवी नसते, मावतही नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच की रोजचं वचन वाचा, पण त्याखालचा अख्खा अध्याय उघडल्याशिवाय फॉरवर्ड करू नका. ॲपला दोष देत नाही, बटण त्यांनी दिलंय. दाबत आपण नाही.

आता ‘योजना’, म्हणजे वाचनाचे क्रम. तीन दिवसांच्या, पाच दिवसांच्या, सात दिवसांच्या, वर्षभराच्या. चिंता, भीती, राग, एकटेपणा, पैसा, क्षमा अशा विषयांवर मराठीतही पुष्कळ आहेत. रोज एक छोटं मनन आणि दोन-तीन उतारे. माझ्या मते यातले उतारे चांगले निवडलेले असतात आणि मननं पातळ. बहुतेक मूळ इंग्रजीतून आलेली असल्यामुळे त्यातल्या माणसाची चिंता वेगळी असते. त्याला निर्णय घेता येत नाही, त्याला स्वतःसाठी वेळ नाही. माझ्या ओळखीच्या मुलींना निर्णय घ्यायला कोणी विचारतच नाही, हा त्यांचा प्रश्न आहे. बायोडाटा फिरतोय, मुलगा कोणत्या मंडळीचा, पगार किती, ‘नाइट करू देणार नाही’ ही अट आधीच. त्यावर योजना नाही.

आणखी एक. भावानं फॉर्म भरताना जातीच्या रकान्यापाशी जो श्वास सोडला, त्यावरही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची सवलत आधी फक्त हिंदूंना होती, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला माणूस अजून बाहेर आहे. गावात आजही आम्हाला आमच्या जुन्याच नावानं ओळखतात, वस्ती तीच, विहिरीची आठवण तीच, कागदावर मात्र वेगळे. नगर, जालना, बीडकडच्या ख्रिस्ती तरुणाच्या रोजच्या आयुष्यात विश्वासाची परीक्षा होते ती या रकान्यापाशी, सिगारेट ओढावी की नाही याच्यापाशी नव्हे. यावर सात दिवसांचं मनन कोणीतरी नगरात बसून, मराठीतच लिहायला हवं. ॲपवर योजना लिहिणाऱ्या संस्था बाहेरच्याही असतात, म्हणजे वाट बंद नाही. पाचवा तारा मी इथे अडकवून ठेवलाय.

योजनांमधली मला मनापासून आवडलेली गोष्ट लहान आहे. दिवस चुकले तर एक बटण दाबून तारखा पुढे सरकवता येतात. लाल अक्षरात ‘तुम्ही इतके दिवस मागे’ असं बघत बसावं लागत नाही. डबल ड्यूटी करून आलेल्या माणसाला ही कृपा कळते.

याच्या बरोबर उलट तो सलग दिवसांचा आकडा, स्ट्रीक. सलग किती दिवस ॲप उघडलं, किती आठवडे पूर्ण भरले, वर बिल्ले. ज्यांना सवय लावायची आहे त्यांना चालत असेल. मला पटत नाही. नाइटला तारीख बदलते तेव्हा मी कोणाचं तरी सक्शन करत असते, म्हणजे नळीनं घशातला कफ काढत असते, फोन लॉकरमध्ये. आकडा तुटला म्हणून देवापुढे ओशाळल्यासारखं वाटायला लागलं की समजायचं, आपण हजेरीपट भरतोय. सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या सूचना बंद करता येतात. करा.

मित्रांबरोबर योजना करण्याची सोय मात्र सोडू नका. आमचा तिघींचा गट आहे. मी, माझी वसईची रूममेट, आणि वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातली एक ज्युनियर, नुकतीच पास झालेली. प्रत्येक दिवसाच्या शेवटी लिहायला जागा असते, ती फक्त गटातल्यांना दिसते. ग्रुपवरच्यासारखी फुलं, गुड मॉर्निंग, कोणाचा वाढदिवस, काही मध्ये येत नाही. एका रात्री ज्युनियरच्या हातात तिचा पहिला पेशंट गेला. पहाटे चारला. नातेवाईक ओरडले तेही तिच्यावरच. त्या दिवशीचं वाचन झाल्याची खूण तिनं केली नव्हती, खाली फक्त लिहिलं होतं, ‘आज नको.’ वसईवालीनं उत्तर दिलं, ‘बरं. खाल्लंस का?’

मी काही तरी वचन शोधत होते पाठवायला. ते शोधणं तिथेच थांबवलं आणि दोघी तिच्या खोलीवर पोहे घेऊन गेलो.

नंतर कधीतरी आम्ही १ राजे १९ वाचला. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो, म्हणतो ऊठ, खा. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला देतो, म्हणतो वाट लांब आहे. मग कुठे चाळीस दिवसांचा प्रवास आणि होरेब डोंगर. ज्युनियर म्हणाली, ‘म्हणजे देवदूतानं आधी इनटेक बघितला.’ इनटेक म्हणजे पेशंटच्या पोटात किती गेलं त्याची नोंद. नर्सांचा बायबल अभ्यास असा असतो. आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि पुढच्या रविवारी उपदेशात वापरलं, नाव न घेता.

ऐकण्याचीही सोय आहे, ज्या आवृत्तीला आवाज आहे तिथे स्पीकरचं चिन्ह दिसतं. ऑफ मिळतो त्या सकाळी मी बसमध्ये मार्काचं शुभवर्तमान लावते. सोळाच अध्याय, सगळ्यांत छोटं, आणि घाईघाईनं सांगितलेलं. त्याला माझ्यासारखीच बस पकडायची असावी. चौथ्या अध्यायात वादळ येतं आणि येशू नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन गाढ झोपलेला. शिष्य त्याला उठवतात. नाइटनंतर ऐकलं की माझी सहानुभूती पूर्णपणे झोपलेल्या माणसाकडे असते.

काय कमी आहे? गाणी. मराठी मंडळीत धीर येतो तो निम्मा गाण्यातून. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, पुढे त्यांनी नगरकडे राहून अभंगांच्या, भजनांच्या चालीत जी गीतं लिहिली ती आमच्या घरात स्वयंपाक करताना, मयताला, लग्नाला, सगळीकडे. ‘उपासना संगीत’ उशाला असल्याशिवाय आजी झोपायची नाही. ॲपमध्ये शास्त्र आहे, ते गात नाही. त्यासाठी मी अजून आजीचं पुस्तक पुण्याला आणून ठेवलंय, पाठीला चिकटपट्टी लावलेलं.

दुसरं, वसईवाली कॅथोलिक आहे. आम्ही वाचतो त्या मराठी आवृत्तीत ६६ पुस्तकं, तिच्या बायबलमध्ये ७३. तिला त्या जादा सातांतलं तोबीतचं पुस्तक आमच्याबरोबर वाचायचं होतं, तर तिनं घरून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आणलं. जाडजूड ग्रंथ, कपाटात तिच्या साड्यांखाली असतो. फादर २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते हे ती ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाला सांगते. त्यातल्या टिपा ॲपमधल्या मननांपेक्षा कितीतरी भारी आहेत, हे मी प्रोटेस्टंट असून मान्य करते. तिच्यासमोर नाही केलं अजून.

जाता जाता सेटिंगचं. भाषा मराठी करा. रोजच्या वचनाची वेळ बदला. मी सकाळी साडेआठ ठेवलीय, पुढच्या शिफ्टला ओव्हर देऊन, गाउन काढून, हात धुऊन बाहेर पडते ती वेळ. अक्षर एक घर मोठं करा, पार्श्वभूमी काळी. आईच्या फोनवर घालून देणार असाल तर चित्र बनवायचं बटण कुठे आहे ते तिला दाखवू नका, नाहीतर ग्रुपवरचे लोक तुम्हाला शिव्या देतील. खातं उघडायला ईमेल लागतो. गट करायचा असेल तर तिघी-चौघींचाच करा. मंडळीच्या अख्ख्या तरुण संघाचा एक गट करून पाहिला, त्यात सगळे ‘आमेन’ लिहितात आणि ‘आज नको’ कोणी लिहीत नाही.

आम्ही आता विलापगीत घेतलंय. पाच अध्याय आहेत, उत्तेजनाच्या योजनांच्या यादीत ते फारसं दिसत नाही. ज्युनियरनं निवडलं.